टाकाऊतून टिकाऊ आणि खर्चाचा रकाना



दर जानेवारीत आमच्या शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’चे प्रदर्शन भरते. मुलांनी घरातल्या निकामी वस्तूंपासून काहीतरी उपयोगी करून आणायचे, ते बाकांवर मांडायचे, पालकांनी येऊन पाहायचे आणि शिक्षकांनी गुण द्यायचे, असा शिरस्ता. आम्ही सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. पण कार्यानुभवाचा तास ज्याच्या वेळापत्रकात जागा असेल त्याच्या गळ्यात पडतो, तसा तो बरीच वर्षे आमच्या गळ्यात आहे.

यंदा आम्ही एक छोटा बदल केला. वस्तूसोबत नाव, इयत्ता, साहित्य, कृती अशी जी चिठ्ठी लावायची असते, तिच्यात एक रकाना वाढवला : खर्च. मुलांना सांगितले, खरे लिहा, खोटे लिहिले तर गुण कापू. मुले मोठ्यांपेक्षा प्रामाणिक असतात. एका मुलीने सुतळी गुंडाळलेली, चकाकी लावलेली, आत दिव्यांची माळ सोडलेली बाटली आणली होती. तिच्या चिठ्ठीवर लिहिले होते : थंड पेयाची बाटली २०, सुतळी ३०, चकाकी ४०, गोंदाच्या कांड्या ५०, लाइटची माळ १२०. एकूण २६० रुपये. खाली बारीक अक्षरात, ‘अम्मीने रात्री केले.’ मंगळवारच्या बाजारात शंभर रुपयांत बरी फुलदाणी मिळते. अशा बाटल्या त्या दिवशी वर्गात डझनभर तरी होत्या. एकदोघांनी थर्माकोलही आणले होते. आपल्या राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तरी ते कुठून मिळते ते दुकानदारच जाणोत.

शेवटच्या बाकावर रंगाचा एक रिकामा डबा होता. तळाला भोके, आत माती आणि मातीत हातभर पसरलेला पुदिना. डब्यावर जुन्या रंगाचे ओघळ तसेच होते. ज्या मुलाने तो आणला त्याचे अब्बा घरे रंगवण्याच्या कामावर जातात. खर्चाच्या रकान्यात त्याने लिहिले होते : ‘० रुपये. खिळा घरचा होता.’

हा रकाना नसता तर आम्ही त्या डब्याला दहापैकी पाच गुण दिले असते आणि दिव्यांच्या बाटलीला नऊ. गेली कित्येक वर्षे आम्ही तेच करत आलो. ज्यांच्या घरी चकाकीला पैसे नव्हते, त्यांचे गुण आम्ही ‘सजावट कमी’ म्हणून कापले. ही गोष्ट लिहिताना बरे वाटत नाही, पण लिहायला हवी. इसराफ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दावतीत टाकलेली बिर्याणी येते. जुनी बाटली सजवायला २४० रुपयांचे नवे सामान आणणे हाही इसराफच आहे आणि तो आम्ही मुलांना शाळेत शिकवत होतो.

आता घरची गोष्ट. त्याच सुमारास आमच्या मोठ्या लेकीला बघायला औशाहून पाहुणे येणार असल्याचा निरोप आला. आमची बैठकीची खोली दहा बाय चौदाची. एक लाकडी दिवाण, त्यावर मधोमध खड्डा पडलेली गादी, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीतले काचेचे कपाट. नणंदबाई म्हणाल्या, “भाभी, आता तरी सोफा घ्या. माणसे आधी खोली बघतात.” मुलांचे अब्बा दुकानात जाऊन आले. सोफा आणि पडदे मिळून ३२ हजार, हप्त्याने. लेकीची एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची फी फेब्रुवारीत भरायची होती. हप्ता आणि फी दोन्ही जमणार नव्हते. दोन रात्री घरात कोणी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी लेकीनेच सांगितले, सोफा नको. आम्ही १५०० रुपये बाजूला काढले आणि रविवारी सकाळी माळ्याला शिडी लावली.

माळ्यावर काय निघाले ते सोलापूरकरांना सांगायला नको. चादरी! या गावात प्रत्येक घरात सोलापुरी चादरी असतात. आपल्या घरच्या, लग्नात आलेल्या, मैतीच्या वेळी पाहुण्यांसाठी काढलेल्या. आमच्या माळ्यावर सहा निघाल्या. रंग उडालेले, मध्ये विरलेल्या, पण काठ शाबूत. चादर विरते ती मध्ये, जिथे माणूस झोपतो तिथे. चारी बाजूंचा हातभर पट्टा वीस वर्षांनीही दणकट असतो. जाड सुती धागा आणि दोन्ही बाजूंनी दिसणारी वीण, यामुळे या कापडाला कापून शिवले तरी ते चोळामोळा होत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, जुनी सोलापुरी चादर फरशी पुसायला घेऊ नका. त्यासाठी बनियन आहेत.

कापण्यापूर्वी चादर गरम पाण्यात भिजवून, धुऊन कडक उन्हात वाळवायची. आटायची ती आधीच आटू द्यायची, नाहीतर शिवल्यावर वेडीवाकडी होते. मग ती खिडकीसमोर धरायची. जिथून उजेड दिसतो तो भाग विरलेला. त्याच्याभोवती खडूने खूण करायची. साधारण ६० बाय ९० इंचांच्या चादरीतून २७ बाय ४४ इंचांचे चार तुकडे निघतात. दोन तुकडे एकावर एक ठेवून एक जानमाज होते, म्हणजे एका चादरीत दोन. विरलेला तुकडा खाली, चांगला वर. आधी मोठ्या टाक्यांनी दोन्ही पदर एकमेकांना धरून ठेवायचे, हे विसरू नये. नाहीतर यंत्राखाली वरचा पदर सरकतो आणि शेवटी एका कोपऱ्यात बोटभर कापड उरते. काठाला जुन्या सलवारीची पट्टी लावली की धागे सुटत नाहीत. एक गोष्ट ध्यानात ठेवा : काही चादरींवर मोराची नक्षी असते. जानमाजासाठी असा तुकडा घ्यायचा नाही, निदान वरच्या बाजूला घ्यायचा नाही. आमच्या धाकट्याने मोराचा तुकडा पायपुसणे म्हणून मागून घेतला.

दोन चादरींतून चार जानमाजे झाली. एका चादरीची दिवाणावरची खोळ झाली, दोहोंतून लोडांचे आणि उशांचे अभ्रे. लोडाच्या आत घालायला कापूस विकत आणायची गरज पडली नाही. फाटके स्वेटर, विटलेले टॉवेल, एकेकटे उरलेले मोजे बारीक कापून भरले. हे भरण कापसापेक्षा जड होते, म्हणून लोडाला चालते, डोक्याखालच्या उशीला चालत नाही. आम्ही एक उशी तशी करून पाहिली आणि सकाळी मान धरली. दिवाणाच्या गादीतला कापूस मात्र पिंजारी बोलावून पिंजून घेतला. तो खर्च ७०० रुपये, म्हणजे १५०० पैकी निम्मा तिथेच गेला. पण खड्डा पडलेल्या गादीवर कितीही सुंदर खोळ घातली तरी पाहुणा खड्ड्यातच बसणार. आधी गादी, मग खोळ.

पडदे नणंदबाईंच्या दोन जुन्या सुती साड्यांचे केले. साडीचा काठ खाली ठेवला की वेगळी किनार लागत नाही. सिंथेटिक साडीचा पडदा करू नये असे आमचे मत आहे. तो वाऱ्यावर छान उडतो; पण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३ च्या पुढे जातो आणि असा पडदा ऊनही अडवत नाही, हवाही अडवतो. शिवाय स्वयंपाकघराजवळ तो धोक्याचा.

घर पाडताना निघालेली खिडकीची एक जुनी सागवानी झडप होती, तिची भिंतीवरची फळी करायचे ठरले. मुलांचे अब्बा पॉलिशपेपर घेऊन बसले, तेव्हा आम्ही थांबवले. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगातल्या शिशाला आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली; ती झडप त्याहून कितीतरी जुनी. कोरडे घासले की ती धूळ हवेत उडते, मुलांच्या हातांना लागते आणि पोटात जाते. झडप गच्चीवर नेली, मुलांना खाली पाठवले, तोंडाला रुमाल बांधून पाणी मारत मारत ओलीच घासली, आणि खाली अंथरलेला कागद गुंडाळून बांधून कचऱ्यात दिला. ज्यांच्या घरात रांगते मूल आहे त्यांनी हा उद्योग करूच नये. झडप सुताराला द्यावी, नाहीतर तशीच राहू द्यावी.

माळ्यावरच्या संदुकीत अम्मींचे पानदान निघाले. अम्मी म्हणजे आमच्या सासूबाई, वय ७८. पितळी पानदान, घुमटासारखे झाकण, आत पानांची थाळी, ती उचलली की खाली चुना, कत्था, सुपारी, लवंग, वेलचीच्या झाकणाच्या छोट्या डब्या. काळे पडले होते. आम्ही चिंच आणि मीठ लावून तासभर घासले, तसे ते लखलखले. काचेच्या कपाटात मधल्या खणात ठेवले, मागे लेकीने दिव्यांची माळ लावली (माळ घरची होती, विकत आणली नाही). दिसायला खरोखर सुरेख. आम्ही आपल्या कामावर खूश.

अम्मी दुपारची झोप काढून बैठकीत आल्या, कपाटासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मैं अबी हूँ ना? मेरे बाद रखो मेरी चीजां नुमाईशकु.” आणि आत निघून गेल्या. त्या रात्री त्या जेवायला दस्तरखानावर आल्या नाहीत. लेकीने ताट आत नेले.

सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अम्मींच्या तोंडात पांढरा चट्टा पाहिला आणि पान-सुपारी बंद करायला सांगितली. सुपारीने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो हे त्यांना समजावून सांगितले तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. साठ वर्षांची सवय एका दिवसात सोडली. पानदान स्वतःच्या हाताने धुतले, जुन्या दुपट्ट्यात बांधले आणि संदुकीत ठेवले. हे सगळे आमच्या डोळ्यांदेखत झाले होते. तरी ते काढताना, घासताना, मांडताना त्यांना विचारावे असे आम्हाला सुचले नाही. माळ्यावर आहे म्हणजे बेवारस आहे, असेच आम्ही धरून चाललो.

सकाळी माफी मागितली. पानदान कपाटातून काढून त्यांच्या पलंगावर नेऊन ठेवले आणि विचारले, “अम्मी, याचे काय करू? तुम्ही सांगाल तसे.” बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग एकेक डबी उघडून पाहू लागल्या. कत्थ्याची डबी आतून अजून लालसर आहे, ती कितीही घासली तरी निघत नाही. शेवटी म्हणाल्या, “खाली नक्को रखो. खाली बर्तन अच्छा नै लगता.”

आता त्या पानदानात अम्मींची औषधे असतात. रक्तदाबाची, साखरेची, कॅल्शियमची. लेक रोज सकाळी पट्टीतून त्या दिवसापुरत्या गोळ्या वेष्टनासकट कातरून देते. चुन्याच्या डबीत सकाळच्या, सुपारीच्या डबीत दुपारची, वेलचीच्या डबीत रात्रीच्या. उरलेल्या पट्ट्या वरच्या थाळीत. गोळी वेष्टनातून आधीच सोडवून ठेवायची नाही, दमट हवेने ती खराब होते. आणि पट्टी कातरताना मुदतीची तारीख छापलेला भाग शेवटपर्यंत राहू द्यायचा. पूर्वी अम्मी दुपारची गोळी हमखास विसरत. आता जेवण झाले की हात आपोआप पानदानाकडे जातो, साठ वर्षे जात होता तसा.

पाहुणे आले. दोन बायका, एक बुजुर्ग, मुलगा. त्यांतल्या वयस्कर बाईंनी लोडाच्या अभ्र्यावरून हात फिरवला, शिवण उलटून पाहिली आणि विचारले, “हे घरी शिवले?” लेकीने सांगितले, चादर माळ्यावरची, शिलाई माझी. बोलणे कुठवर आले हे या सदरात लिहिण्याची आम्हाला परवानगी नाही.

आता गच्चीकडे वळू. स्वस्तात बाग म्हटली की सगळे तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यापासून सुरुवात करतात, आम्हीही केली. डबा आडवा ठेवून वरची बाजू कापली की लांबट कुंडी होते. कापलेली कडा हातोडीने आत वळवून ठोकावी, तिथे हात चिरतो. तळाला खिळ्याने आठ-दहा भोके पाडावीत, वर विटांचे तुकडे किंवा फुटक्या माठाच्या खापऱ्या, मग माती आणि शेणखत. डब्यातला तेलाचा ओशटपणा आधी गरम पाणी आणि साबणाने काढावा. मेथी, कोथिंबीर, पुदिना, लाल माठ एवढ्या खोलीत छान येतात. टोमॅटो-वांग्यांना याहून खोल माती लागते.

पण आमच्या गावच्या उन्हात पत्र्याचा डबा तापतो आणि मुळे अक्षरशः शिजतात. पहिल्या वर्षी आम्ही डब्यांना बाहेरून झकास गडद निळा रंग दिला होता. गडद रंग ऊन आणखी शोषतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सगळी मेथी मान टाकून पडली. आता डबे पूर्वेच्या भिंतीशी असतात, दुपारनंतर सावलीत. भोवती गोणपाट गुंडाळलेले, संध्याकाळी पाणी घालताना तेही भिजवतो. गोणपाट रंगापेक्षा दिसायलाही बरे. त्याला वर जुन्या साडीचा काठ बांधला की पाहणाऱ्याला डबा आहे हे कळत नाही.

गळा फुटलेला माठ फेकू नका. मोठ्या पिंपात किंवा अंगणातल्या वाफ्यात तो गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर झाकण ठेवा. भाजलेल्या मातीतून पाणी हळूहळू झिरपते आणि भोवतालच्या रोपांची मुळे ते घेतात. दोन-तीन दिवसांसाठी गावाला जायचे असेल तर याहून भरवशाचा माणूस नाही. मात्र फार जुना माठ याला चालत नाही. ज्यात पाणी गार होईनासे झाले, त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. त्यातून झिरपतही नाही. अशा माठाचा तळ कापून पाखरांना पाणी ठेवावे.

फुटक्या कपबशा आणि फरशीचे तुकडे आम्ही गच्चीच्या कठड्याखालच्या ओट्यावर सिमेंटमध्ये बसवले. ही कल्पना चंदीगडच्या रॉक गार्डनची. नेकचंद हे तिथे सरकारी रस्ते-निरीक्षक होते. फुटक्या बांगड्या, कपबशा, नळाचे सामान गोळा करून त्यांनी जंगलातल्या सरकारी जागेवर कोणाला न सांगता वर्षानुवर्षे बाग रचली. १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. मुलांना ही गोष्ट फार आवडते, विशेषतः ‘कोणाला न सांगता’ हा भाग. तुकडे बसवताना धारदार कडा खाली दाबावी आणि जिथे मुले अनवाणी फिरतात तिथे हे काम करूच नये.

आता टायरचे. ही आमच्या घरातली सर्वांत महागडी सजावट, आणि फुकट मिळालेली. तीन वर्षांपूर्वी पंक्चरवाल्याकडून स्कूटरचे दोन टायर आणले, पिवळे-लाल रंगवले, सदाफुली लावून भिंतीला टांगले. शेजारी कापलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांची रांग, त्यात मनीप्लांट. शेजारणी फोटो काढून नेत. सप्टेंबरमध्ये धाकटा तापाने फणफणला. तेव्हा तो अकरा वर्षांचा. चौथ्या दिवशी डेंग्यू निघाला, प्लेटलेट उतरल्या, पाच दिवस दवाखान्यात. तिथल्या रात्री आम्हाला आजही आठवतात. सलाइनचे थेंब मोजत बसण्यापलीकडे आईबापाच्या हातात काही नसते. अल्लाहच्या कृपेने पोरगा घरी आला. बिल २१ हजारांचे झाले.

तो घरी आल्यावर दोन दिवसांनी पालिकेचे आरोग्य कर्मचारी आले. हातात विजेरी आणि पळी. आम्ही म्हणालो, आमच्याकडे डबकी नाहीत, टाकीला झाकण आहे. ते गच्चीवर गेले, टायरच्या आतल्या कडेत विजेरी मारली आणि पळीभर पाणी काढून आमच्यासमोर धरले. त्यात वळवळत्या अळ्या होत्या. मनीप्लांटच्या तीन बाटल्यांतही निघाल्या. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, अशा साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पाणी नुसते ओतून दिले तरी भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात. पुन्हा पाणी लागले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून भांडे घासायचे. टायर त्याच दिवशी उतरवले. त्यातला माणूस म्हणाला, “बाई, तळाला भोके पाडली असती तरी चालले असते.” दोन भोके. खिळा घरचाच होता.

तेव्हापासून आमच्याकडे रविवार हा कोरडा दिवस. कुंड्यांखालच्या बशा, पाखरांचे पाणी, फ्रिजमागचा ट्रे, फुलदाण्या, पुरलेल्या माठाचे झाकण, सगळे उपसून घासायचे. बशांत आता वाळू भरलेली असते. पाणी वाळूत मुरते, उघडे राहत नाही. मनीप्लांट मातीत लावला. धाकटा स्वतः विजेरी घेऊन फिरतो आणि आमच्या चुका काढतो. दुसऱ्यांच्या गच्चीवरही काढतो, त्यामुळे शेजारी थोडी कुरबुर आहे.

काही वस्तू कितीही फुकट मिळाल्या तरी घरात आणू नयेत. कीटकनाशकाचा डबा किंवा कॅन, कितीही धुतला तरी नाही. त्यात लावलेली भाजी तर मुळीच नाही. जुन्या ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांचे तोरण करणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांत पारा असतो, फुटले तर खोलीभर पसरतो. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे कापून वाफ्याला कड करू नये, त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते आणि कापताना त्याची धूळ फुप्फुसात जाते.

हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम आपली पादत्राणे स्वतः गाठत आणि कपड्याला ठिगळ स्वतः लावत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या ठिगळाचे काम एकच होते, कपडा पुन्हा घालता यावा. प्रदर्शनाच्या दिवशी वर्गाला आम्ही तेच सांगितले आणि गुणांचा तक्ता फळ्यावर पुसून नव्याने लिहिला. वस्तू कामाची आहे का, पाच गुण. खर्च किती, तीन. स्वतः केली का, दोन. सजावटीला गुण नाहीत, म्हणताच काही पालकांचे चेहरे उतरले. एका अम्मींनी विचारले, मग रात्री दोन वाजेपर्यंत जागून आम्ही काय केले? आमच्याकडे चांगले उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी आधी कळवू, एवढेच म्हणालो.

मुलांनी आपापल्या वस्तू घरी नेल्या. पुदिन्याचा डबा त्या मुलाने नेला नाही. घरात ऊन येत नाही म्हणाला. तो वर्गाच्या खिडकीत आहे. खालच्या बशीत वाळू भरली आहे. पाणी घालण्याच्या पाळ्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेल्या असतात. या आठवड्यात आमची आहे.